टाचेची कळ आणि मनगटातली सुई

हाँगकाँगमधल्या एका चाचणीत टाचदुखीच्या रुग्णांना सुई टोचली गेली ती मनगटावर. तळहात संपून मनगटाची घडी पडते, तिथे दोन शिरांच्या मधोमध बोटाने दाबलं की खोलगट जागा लागते. चिनी वैद्यकात या बिंदूला ‘दालिंग’ म्हणतात आणि टाचेच्या दुखण्यावर तो खास लागू पडतो असं मानलं जातं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ५३ रुग्ण होते. त्यांची सोडतीने दोन गटांत विभागणी झाली. २८ जणांना दालिंगवर सुई मिळाली. उरलेल्या २५ जणांना ती अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, ‘हगू’ या बिंदूवर मिळाली. आठवड्यातून पाच दिवस, असे दोन आठवडे हा उपचार चालला. हगू हा काही नावापुरता घेतलेला बिंदू नव्हे. वेदना कमी करणारा म्हणून त्याचाही लौकिक आहे. महिन्याभराने १०० गुणांच्या मापावर सकाळचं दुखणं पहिल्या गटात सुमारे २३ गुणांनी उतरलं होतं, दुसऱ्या गटात १२ गुणांनी.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, प्राचीन ज्ञान सिद्ध झालं. दुसरा म्हणेल, ५३ माणसांत काय सिद्ध होतं, आणि मनगटाचा टाचेशी संबंध तरी काय? दोघंही घाई करतात. ज्याची टाच वर्षभर दुखते आहे त्याला या वादाशी देणंघेणं नसतं. सुयांनी बरं वाटेल का, किती वाटेल, किती दिवस टिकेल आणि त्यासाठी खिशातून किती जाईल, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. या प्रश्नांना आज बऱ्यापैकी सरळ उत्तरं देता येतात. ती रुग्णाला कुणी देत नाही, ही तक्रार मात्र गंभीर आहे.

टाचदुखीला किरकोळ समजण्याची रीत आहे, कारण तिने कुणी दगावत नाही. पण उभं राहून पोट भरणाऱ्याला ती किरकोळ नसते. फळ्यासमोर उभी राहणारी शिक्षिका, चौकातला वाहतूक पोलीस, इस्त्रीच्या टेबलामागचा माणूस, कापडाच्या दुकानातली विक्रेती, ओट्यापुढे गार फरशीवर अनवाणी पायांनी सगळा स्वयंपाक उरकणारी बाई. यांची सकाळ एकाच तऱ्हेने सुरू होते. पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या बाजूला अशी कळ निघते की भिंत धरावी लागते. पंधरा-वीस पावलांनी पाय मोकळा होतो. दुपारपर्यंत बरं असतं. बसून उठलं की पुन्हा तेच, आणि संध्याकाळी ठणका. दहातल्या एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी हे दुखणं गाठतं, आणि चाळीस ते साठ या वयात त्याचा जोर अधिक.

दुखतं काय, तर तळव्याखालचा एक जाड, चिवट पट्टा. टाचेच्या हाडापासून तो निघतो आणि पसरत बोटांच्या मुळांपर्यंत जातो. पायाची कमान तोलून धरणं हे त्याचं काम. प्लांटर फॅशिया हे त्याचं वैद्यकीय नाव. हा पट्टा टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथेच बिघाड होतो. २००३ साली अमेरिकेतल्या पायाच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. सूज म्हणावी अशी लक्षणं त्यांत दिसली नाहीत. दिसले ते झिजलेले, विस्कटलेले तंतू. सुजेवरच्या गोळ्या खाऊन अनेकांना तात्पुरतंच का बरं वाटतं, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो.

आपल्याकडे मात्र टाच दुखली की एक्स-रे काढायचा आणि त्यातला काटा पाहून ‘टाचेचं हाड वाढलंय’ म्हणायचं, हा परिपाठ अजून सुटलेला नाही. ज्यांची टाच कधीच दुखली नाही अशा कित्येकांच्या एक्स-रेतही तसाच काटा असतो, आणि टाच पूर्ण बरी झालेल्यांचा काटा जागच्या जागी राहतो. हाड वाढलंय हे ऐकून माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस पाय जपतो, चालणं कमी करतो, वजन वाढवून बसतो. आणि वजन हेच या दुखण्याचं एक मोठं कारण आहे. २००३ सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासात तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या होत्या: लठ्ठपणा, दिवसाचा बहुतेक वेळ उभं राहून काम, आणि या दोन्हींहून ठळक म्हणजे पोटरी आखडल्यामुळे घोटा पुरेसा वर न वळणं. पोटरीकडे कुणी बघतच नाही.

या वाटेवर रुग्ण काय काय करून पाहतो हे मराठी घरांत वेगळं सांगायला नको. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची. मऊ चपला. गोळ्या. मलम. आयुर्वेदात या दुखण्याला वातकंटक म्हणतात आणि त्यावर अग्निकर्म, म्हणजे तापवलेल्या शलाकेने डाग देणं, सांगितलेलं आहे; ते करणारे वैद्य आजही गावोगावी आहेत. मग कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतं. त्याबद्दल एक चांगली ऑस्ट्रेलियन चाचणी २०१२ साली झाली: ८२ रुग्ण, सोनोग्राफीत पाहून दिलेलं इंजेक्शन. महिन्याभरापर्यंत दुखणं कमी झालं, त्यापुढे बनावट इंजेक्शन घेतलेले आणि खरं घेतलेले यांच्या दुखण्यात फरक उरला नाही. पुन्हा पुन्हा इंजेक्शन घेतलं तर पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते. असा थकलेला माणूस शेवटी चिनी उपचारांची पाटी लावलेल्या दवाखान्याची पायरी चढतो. त्याच्या त्या पायरी चढण्याला हसण्यासारखं काहीच नाही.

तिथे त्याला जी मांडणी ऐकायला मिळते ती साधारण अशी. शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरलेल्या वाटांनी वाहते. वाट अडली की दुखतं. मूत्रपिंडाची म्हणून मानलेली वाट पायाच्या करंगळीखालून निघते, तळव्यावरच्या ‘योंगछुआन’ बिंदूतून जाते, आतल्या घोट्यामागे ‘तायशी’ला भेटते आणि टाचेत शिरते. म्हणून उतारवयातली टाचदुखी म्हणजे मूत्रपिंडाची शक्ती उणावणं आणि तिथे गारठा, ओल शिरणं. उपचारही त्यालाच धरून. तायशीवर सुई, बाहेरच्या घोट्यामागच्या ‘खुनलुन’वर सुई, पोटरीच्या मध्यावरच्या ‘छंगशान’वर सुई. सुई आत गेल्यावर वैद्य ती दोन बोटांत धरून हलकेच फिरवतो, आणि रुग्णाला जडपणा, बधिरपणा किंवा आत दूरवर पसरणारी ओढ जाणवेपर्यंत थांबत नाही. जोडीला दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा कापसासारखा चुरा पेटवून दिलेला शेक. आणि पाय बुडवून बसायला गरम काढा: त्यात आपल्या ओळखीची करडईची फुलं असतात, हिराबोळ असतो, मोरवेलीच्या जातीची एक वेल व्हिनेगरमध्ये उकळलेली असते.

ही मांडणी खरी की खोटी, हा प्रश्न बाजूला ठेवून उपचाराचा परिणाम तपासता येतो, आणि तो तसाच तपासायला हवा. शरीर चिरून पाहिलं तर ‘ची’च्या वाटा सापडत नाहीत, पण म्हणून सुईने होणारा परिणाम आपोआप शून्य ठरत नाही. १९७६ साली टोरंटोमध्ये ब्रूस पोमरान्झ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की सुईने मिळणारा वेदनेपासूनचा आराम नॅलॉक्सोन हे औषध दिलं की नाहीसा होतो. नॅलॉक्सोन अफूवर्गीय द्रव्यांचा प्रभाव रोखतं. म्हणजे सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडत असलं पाहिजे. बीजिंगमध्ये हान जीशंग यांनी आयुष्याची कित्येक दशकं याच प्रश्नावर घालवली. सुईमागे शरीरशास्त्र आहे. ग्रंथात सांगितलेलं मात्र ते नाही.

आता टाचेवरच्या पुराव्याकडे नीट पाहू. बँकॉकमध्ये २०१२ साली एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांनी बरं न वाटलेले ३० रुग्ण. निम्म्यांना सुयांतून सौम्य वीज देऊन पाच आठवड्यांत दहा बैठका. त्या गटातल्या ८० टक्क्यांचं दुखणं निम्म्याहून कमी झालं, दुसऱ्या गटात १३ टक्क्यांचं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण दुसऱ्या गटाला मिळालं काय? चपला बदला, पोटरी ताणा, दुखलं तर गोळी घ्या. म्हणजे ज्या उपायांना ते आधीच कंटाळले होते तेच पुन्हा. नव्या, हातात हात घेऊन केलेल्या उपचाराची तुलना जुन्या, हरलेल्या सल्ल्याशी केली तर नवा उपचार जिंकणारच.

ही तुलना काटेकोर करायची तर बनावट सुई लागते, जी त्वचेला टेकते पण आत शिरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ला ट्रोब विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली ती वापरली. त्यांची पद्धत चिनी बिंदूंची नव्हती. पोटरीच्या आणि पायाच्या स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी शोधून त्यांत तीच बारीक सुई घालायची, एवढंच. ८४ रुग्ण, आठवड्याला एक बैठक, सहा आठवडे. खऱ्या सुईच्या गटात पहिल्या पावलाचं दुखणं बनावट सुईपेक्षा १०० पैकी सुमारे १४ गुणांनी जास्त उतरलं. योगायोग म्हणून सोडून द्यावा असा हा फरक नाही. मात्र रुग्णाला स्वतःला जाणवावा यासाठी संशोधकांनीच जो किमान फरक ठरवला होता, त्याच्या खाली तो राहिला. शिवाय खऱ्या सुईच्या साधारण दर तिसऱ्या बैठकीत सुई दुखणं, काळंनिळं पडणं, दुखणं काही काळ वाढणं अशी एखादी तात्पुरती तक्रार निघाली.

हाँगकाँगचे २३ विरुद्ध १२ हे आकडे याच उजेडात वाचायला हवेत. फरक आहे, पण मोठा नाही. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. १९९८ साली अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी ॲक्युपंक्चरच्या प्रसिद्ध चाचण्या देशवार मांडल्या, तेव्हा चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेली प्रत्येक चाचणी यशस्वी निघाली. एकही अपवाद नाही. कोणताच उपचार इतका एकसारखा यशस्वी नसतो. अपयशाचे निष्कर्ष कुठेतरी छापण्याआधीच गळून पडत असणार. याच व्हिकर्स यांनी पुढे जगभरातल्या ३९ दर्जेदार चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र केली. २०१८ साली त्यांनी जो निष्कर्ष मांडला तो ॲक्युपंक्चरच्या बाजूचा होता: जुनाट दुखण्यांवर खरी सुई बनावट सुईपेक्षा थोडी सरस आहे, आणि काहीच न करण्यापेक्षा बरीच सरस. एकाच माणसाने दोन्ही बाजूंची कठोर गोष्ट सांगावी, ही या विषयात दुर्मीळ आणि म्हणूनच मोलाची बाब आहे.

जर्मनीने या प्रश्नाला सरकारी पातळीवर हात घातला. तिथल्या आरोग्य विम्यांनी पैसे देण्याआधी पुरावा मागितला. कंबरदुखीवरची एक मोठी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली, त्यात ११६२ रुग्ण होते. खऱ्या बिंदूंवरच्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना आराम पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के, आणि गोळ्या-व्यायाम या नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. जर्मनीने कंबर आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी सुया विम्यात घेतल्या. ब्रिटनमध्ये सरकारी सल्लागार संस्थेने २००९ साली कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ साली ती मागे घेतली आणि २०२१ साली कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा ॲक्युपंक्चर सुचवलं. या बदलांना धरसोड म्हणणं सोपं आहे. पुरावा जसा हलतो तशी शिफारस हलली, इतकाच त्याचा अर्थ.

जर्मन आकड्यांतली सगळ्यात बोलकी ओळ मधली आहे. सुई कुठे टोचली याने फार फरक पडला नाही. कुणीतरी अर्धा तास दिला, नीट विचारपूस केली, शरीराला हात लावला आणि सुई टोचली, याने मात्र खूप पडला. याला नुसती मनाची समजूत म्हणून झटकून टाकणं चूक आहे. वेदना मेंदूत घडते आणि मेंदू विश्वासाला, स्पर्शाला, लक्ष दिलं जाण्याला प्रतिसाद देतो. आपल्या सरकारी रुग्णालयातल्या ओपीडीत टाचदुखीच्या रुग्णाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांशी तुलना केली तर सुईवाल्या दवाखान्यात त्याला जास्त बरं का वाटतं, हे समजायला चिनी वैद्यक शिकावं लागत नाही.

मग सुई घ्यावी की नाही? घ्यावी, हे या लेखाचं स्पष्ट मत आहे. पण ती काय देते हे ओळखून. सुई काही आठवडे दुखणं कमी करते. झिजलेला पट्टा ती मजबूत करते याचा पुरावा नाही. पट्टा मजबूत होतो तो त्याच्यावर हळूहळू भार टाकल्याने, आणि भार टाकता येत नाही तो दुखण्यामुळे. कमी दुखण्याच्या त्या आठवड्यांत पायाला काय करायला लावलं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. दहा बैठका घेऊन पाय होता तसाच ठेवला, तर बैठका संपल्यावर टाच पुन्हा बोलायला लागते आणि रुग्ण पुन्हा पैसे मोजतो.

काय करायला लावायचं हे डेन्मार्कमधल्या संशोधकांनी नेमकं दाखवून दिलं आहे. त्यांच्या ४८ रुग्णांच्या चाचणीतला व्यायाम साधा आहे, सोपा नाही. जिन्याच्या पायरीच्या कडेवर दुखऱ्या पायाने उभं राहायचं. टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली घ्यायची, म्हणजे बोटं वर वळतात आणि तळव्याचा पट्टा ताणला जातो. तीन सेकंदांत टाच वर उचलायची, दोन सेकंद तिथेच थांबायचं, तीन सेकंदांत खाली न्यायची. जेमतेम बारा वेळा जमेल इतका भार घेऊन असे तीन फेरे, दिवसाआड. दोन आठवड्यांनी भार वाढवायचा, आणि तो वाढवायला पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं भरायची. चार आठवड्यांनी आणखी पुस्तकं, आठ-आठ वेळांचे पाच फेरे. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे नुसतं ताणणाऱ्यांच्या बरेच पुढे होते. वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास बरोबरीला आले. ताणण्याचीही एक पद्धत सिद्ध झालेली आहे: सकाळी पाय खाली टेकवण्याआधीच तो दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. दिवसातून तीनदा. याला ना यंत्र लागतं ना फी.

इथे काळाचा हिशेबही मांडायला हवा. टाचदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना, ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांना, वर्षभरात साध्या उपायांनी आराम पडतो. आठव्या-नवव्या महिन्यात जो उपचार चालू असेल त्याच्या नावावर हे बरं होणं जमा होतं. मग ती सुई असो, रुईचं पान असो की महागडा लेसर. ज्या दवाखान्याच्या भिंतीवर बऱ्या झालेल्यांची पत्रं लावलेली आहेत, तिथे रुग्णाने हा हिशेब मनात ठेवावा.

सुईबद्दल इतकं मोकळं मत देता येतं, कारण निर्जंतुक, एकदाच वापरायची सुई जाणत्या हातात असली तर टाचेच्या उपचारात मोठा अपाय क्वचितच होतो. पोटात घ्यायच्या चिनी औषधांबद्दल तसं म्हणता येत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात होत्या. सांधेदुखी, सूज यांवर चीनमध्ये वापरली जाणारी एक मुळी त्यात असायला हवी होती. तिच्या जागी नावाने जवळची, पण वेगळ्याच कुळातली मुळी आली. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं कायमची खराब झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. चीनने ती मुळी २००४ साली अधिकृत औषधांच्या यादीतून काढली. दुखण्यावरच्या चिनी काढ्यांत बचनागाच्या जातीच्या मुळ्याही येतात; नीट शोधन झालं नसेल तर त्या थेट हृदयाची लय बिघडवतात. पाकिटावरची अक्षरं वाचता येत नाहीत, आत काय आहे ते कुणी तपासलेलं नाही, आणि दुखणं टाचेचं. एवढ्यासाठी कुणी ते गिळू नये.

गरम काढ्यात पाय बुडवणं त्या मानाने निरुपद्रवी वाटतं, आणि बहुतेकांना ते सुखावतंही. पण मधुमेहाने ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत त्यांना पाणी किती तापलं आहे हे कळतच नाही. अशा पायांवर भाजल्याचे फोड येतात आणि महिनोन्‌महिने भरत नाहीत. विटेच्या शेकाचीही गोष्ट तीच. महाराष्ट्रात मधुमेह घरोघर आहे, म्हणून हा इशारा काढा देणाऱ्याने आणि वीट तापवणाऱ्या घरच्यांनीही पाळायला हवा. चीनमध्ये टाचेसाठी सर्रास वापरली जाणारी ‘छोटी सुई-सुरी’ हाही वेगळा विषय आहे. झू हानझांग यांनी १९७६ साली काढलेल्या या पद्धतीत टोकाला चपटं पातं असलेली सुई टाचेत घालून तंतू कापतात. ती लहानशी शस्त्रक्रियाच आहे आणि तिथे शस्त्रक्रियेचेच नियम लागू व्हायला हवेत.

भारतात ॲक्युपंक्चर आलं ते चीनशी जोडलेल्या एका माणुसकीच्या धाग्याने, आणि त्या धाग्याचं एक टोक महाराष्ट्रात आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कोलकात्याचे बिजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली तिथेच गेले. बसू परतले, १९५०च्या दशकाच्या अखेरीला पुन्हा चीनला जाऊन सुयांचं तंत्र शिकले आणि कोलकात्यात त्यांनी गरिबांवर उपचार सुरू केले. आधुनिक वैद्यक शिकलेल्या माणसाने दुसऱ्या देशाची विद्या डोळे उघडे ठेवून उचलली, तीही स्वस्त आणि सगळ्यांना परवडणारी म्हणून. आज त्याच विद्येची ‘दहा बैठकांचं पॅकेज’ म्हणून विक्री होते, तेव्हा बसूंनी ती कुणासाठी आणली होती हे आठवायला हवं.

महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला आहे आणि त्यानुसार परिषदही आहे. केंद्रानेही २०१९ साली या उपचारपद्धतीला मान्यता दिली. सुई कुणी टोचावी हा प्रश्न त्यामुळे बराचसा मार्गी लागला. सुई टोचताना रुग्णाला काय सांगावं, हा प्रश्न तसाच आहे. पहिल्याच कागदावर लिहिलेलं असावं: फायदा बेताचा आणि काही आठवड्यांचा असण्याची शक्यता आहे, चार-पाच बैठकांत फरक पडला नाही तर थांबायचं, सोबतचा व्यायाम हा उपचाराचाच भाग आहे. दोन्ही टाचा दुखणाऱ्या तरुणाची सकाळी कंबरही तासभर आखडत असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, ताप असेल, तळवा बधिर असेल किंवा उंचावरून पडून दुखणं सुरू झालं असेल, तर सुई बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे पाठवायचं. हे सगळं परिषदेला एका परिपत्रकाने करता येईल.

आणि मुंबई-पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांनी एक चाचणी हाती घ्यावी. एका गटाला पायरीवरचा डॅनिश व्यायाम, दुसऱ्याला तोच व्यायाम आणि जोडीला सहा आठवडे सुया, तिसऱ्याला व्यायाम आणि बनावट सुया. वर्षभर पाठपुरावा. सुयांचा खर्च नगण्य, फिजिओथेरपी विभाग तिथे आहेतच, आणि निकाल कोणताही लागला तरी तो छापायचा अशी नोंदणी आधीच करता येते. रुग्ण शोधायला रुग्णालयाबाहेर जायचीही गरज नाही. वॉर्डात आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या परिचारिकांना, स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना नुसतं विचारलं, तरी पहिला गट आठवड्याभरात भरेल.